चाळीस फुटांवर

चाळीस फुटांवर पाणी लागलं नाही,
दात लागला.
वरचा जांभा संपला होता, शेडी संपली होती,
खाली निळसर, चिकट माती, जुन्या खाजणाचा वास येणारी,
आणि पहारीच्या टोकाशी
तांदळाच्या कणीएवढं काही, काळं, चकचकीत.

तानू गोताडने ते थुंकीने पुसलं,
उगाच कानाजवळ धरलं
आणि विडीच्या रिकाम्या बंडलात ठेवून दिलं.

मग पुण्याहून ढमढेरेबाई आल्या.
दोन दिवस चाळणीत माती धूत बसल्या,
खाडीवर तिसऱ्या धुतात तशा.
निघालं एक खांद्याचं हाड,
आखूड, रुंद, जिवाच्या मानाने फारच दांडगं.
"असं कुणाचं असेल?" बाईंनी विचारलं, खरं तर स्वतःलाच.
तानूने सदरा खांद्यावरून सरकवला.
"खननाऱ्याचं," तो म्हणाला.

उंदीर नव्हे. चिचुंद्री नव्हे. घूस तर नव्हेच.
त्याच्या वंशातलं आता कुणीच नाही,
पिंडाला शिवेल असंही.
डोळे मोहरीएवढे असावेत,
नसावेतही.
तेव्हा समुद्र कुठे होता ते दाखवायला
बाईंनी हात लांब केला, थोडा मागे घेतला,
आणि हसल्या.

तिसऱ्या दिवशी विहिरीच्या अंगात बीळ दिसलं.
म्हणजे भोक नव्हे;
भोक कधीचंच वाळूने भरलेलं, वाळूचा दगड झालेला.
निळ्या मातीतून दोन बोटं रुंद पिवळी वाट,
खाली, मग आडवी, मग एकाएकी डावीकडे.
त्याने उकरून टाकलं ते सगळं गेलं.
त्याने रिकामं ठेवलं तेवढंच राहिलं.

तानू बोटाने त्या वाटेवरून गेला,
वळणाशी थांबला.
"हितं दगूड लागलाय त्येला.
वाईच बसलाय. मंग डावी मारलीय."
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं,
खाली त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट.

कठड्यावरून सोलकर ओरडले, "पानी हाय का न्हाय?"
"कुनीतरी ऱ्हात हुतं," तानू खालून म्हणाला.
वर ऐकू गेलं नसावं.
दोरीला हिसका बसला, घमेलं वर गेलं.

शनिवारी हिशोब झाला, फुटावर.
सोलकरांनी टेप सोडून मोजले, बेचाळीस भरले.
तानूने चाळीसचेच पैसे घेतले.
"खालचं दोन माजं न्हाईत," म्हणाला,
"त्ये आदीच खनलेलं हुतं."