पळी

औशाच्या पुढं डांबर संपलं,
मग तुरीच्या रानातून पायवाट,
आणि बांध चढताच एकदम लेणं,
जेवता जेवता बोलायचं थांबलेल्या तोंडासारखं.

लोक म्हणतात वाळूचा दगड.
माझ्या फॉर्मात छापलंय : जांभा.
हात लावला की दोन्ही नावं
तळव्याला तांबडी लागतात.

किल्ली सुंद्राबाईंकडे.
किल्ली कसली, काडीनं अडकवलेली कडी,
पण काढायची त्यांनीच.
मागं शेळी, शेळीमागं नातू दिग्या.

"पाच भाऊ एका रातीत खोदलालते.
कोंबडं आरवलं अन् टिकाव टाकून गेले."
डाव्या अंगाला खरंच एक खांब
कमरेपर्यंतच बाहेर आलेला,
वरचा अजून डोंगरात.
घाव ओले वाटतात. ओलेच आहेत.
रकाना चार, गळती : होय.

"हितून भुयार हाय, किल्ल्यावर निघतंय.
माझ्या चुलत सासऱ्यानं मांजर सोडलं व्हतं,
गळ्यात घुंगरू बांधून."
निघालं का?
"मांजर न्हाई निघालं.
घुंगराचा आवाज आठ दिस हिरीत येत व्हता."
वटवाघळं हायती ती, दिग्या म्हणाला,
आणि आजीच्या नजरेनं
चप्पल काढून ठेवल्यासारखा गप्प झाला.

आत टाकं.
मोजपट्टी सोडली : चार फूट दोन इंच,
त्याखाली गाळ, गाळाखाली पट्टी जात नाही.
इथं सुंद्राबाईंचा आवाज खाली आला.
"लगीन निघालं की आदल्या सांजंला
काठावर सुपारी ठिवायची, म्हणायचं,
बाई, पन्नास पानाचं हाय, भांडी दी.
सकाळी बगावं तर पितळ्या, पराती,
घंगाळं, तांबे, समदं घासूनपुसून.
काम झालं की मोजून माघारी.
मंग एकानं पळी ठिवून घेतली.
एकच. वरणाची.
तवापासून बाई देत न्हाई."

कुणी?
"असंल कुणी."

त्या कडी लावायला मागं राहिल्या
तेव्हा दिग्या माझ्या कोपराशी आला.
"आमच्यातलंच व्हतं. हजेरीत आडनाव दुसरं हाय,
पर गावात आमी पळीवाले.
कबड्डीत बी म्हंतेत, ए पळी, धर त्याला."

जेवल्याशिवाय सोडलं नाही.
पत्र्याखाली बसलो, भाकरी, ठेचा,
आणि वरण त्यांनी वाटीनं वाढलं,
पातेल्यात वाटी बुडवून, बोटं पोळत.
मी चुलीमागं पाहिलं, भिंतीवरच्या खिळ्यांना पाहिलं :
झारा, उलथणं, चिमटा, किसणी.
सून हसली. माझ्या रुखवतात आलती स्टीलची,
त्याच दिवशी माझ्या आईच्या हातात माघारी दिली ह्यांनी.

सुंद्राबाई हसल्या नाहीत.
"आमच्यात न्हाई चालत," एवढंच.
खोटं घडलंय की खरं, हे त्या घरात
कुणी विचारत बसलेलं नव्हतं.
कडी लावायची, झाडून काढायचं, वाटीनं वाढायचं.
हप्ते चाललेले.

संध्याकाळी मी कागद गुंडाळू लागलो.
"काय काय ल्ह्यायलालाव सायेब?"
भेगा, शेवाळ, गळती. टाक्यातला गाळ.
"त्यो काढणार का सरकार?"
प्रस्ताव जाईल, म्हणालो. मग बघू.
त्यांनी पदरानं तीच बोटं पुसली, सकाळपासूनची तांबडी.
"काढला तर मला आवाज द्या.
माझी आजेसासू म्हणं रातीची गेलती
अन् टाकून आलती पळी पाण्यात.
कोण बगितलंय? एकलीच गेलती ती."

शेवटच्या पानावर शिफारस : गाळ काढावा.
खाली कारणासाठी दोन ओळींची जागा.
औशाला गाडी येईपर्यंत
पेन उघडं धरून बसलो होतो.