चतुःसीमा

खानापुरात, सबरजिस्ट्रारच्या कचेरीसमोर
माझं टेबल आहे. एक पाय आखूड, खाली कौलाचा तुकडा.
एकतीस वर्षं मी जमिनी
ह्याच्या हातातून त्याच्या हातात दिल्या
आणि प्रत्येक खताच्या शेवटच्या पानावर
पेन न थांबवता लिहिलं :
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह.

हे शब्द कानडीतही असेच येतात.
पाट्यांवरून भांडतो आम्ही,
या ओळीवर कुणाचं काही म्हणणं नाही.

बुधवारी ओमाणा गावडे आला, कणकुंबीच्या वरच्या अंगाचा.
सोबत संस्थेची एक पोर, हिरेमठांची,
तिच्या सॅकवर वाळलेला चिखल.
"लिवा की एक कागद. विकायचं न्हाई."
मग काय? बक्षीस? गहाण? वाटणी?
"न्हाई ओ. जमीन माझीच.
फकस्त तोडायचं न्हाई म्हणून लिवा.
मी न्हाई, पोरानं न्हाई,
पोराकडनं घेईल त्यानंबी न्हाई."

मी चष्मा काढला.
असल्या कागदाचा नमुना माझ्याकडे नव्हता.

पोरीचा मसुदा कानडीत. मी मराठीत वाचून दाखवला :
हिरडा वेचता येईल.
मध काढता येईल, पोळ्याचा तिसरा हिस्सा ठेवून.
पडलेलं लाकूड चुलीला. उभं नाही.
बोअर नाही, रस्ता नाही, तंबूंचं हॉटेल नाही.
वर्षातून एकदा ही येऊन बघून जाईल.
"च्या घेऊन जाईल," ओमाणा म्हणाला, "तेबी लिवा."
ते नाही लिहिलं.

सक्ती कुणाची नाही ना, हे विचारावंच लागतं.
"सक्ती करणारे मागल्या म्हयन्यात आलते,
पांढऱ्या गाडीतनं. एकराला किती म्हणाले
त्ये सांगितलं तर तुमचं पेन गळंल."
मग का, ओमाणा?
तो बराच वेळ कौलाच्या तुकड्याकडे बघत राहिला.
"ढोलीत ककणेर बसतीया दरसाल.
मादी सोताला आत लिंपून घेतीया,
नर बाहेरनं फळं आणून देतोय.
त्यो चारा आणाय गेलाय, आन् हिकडं मी झाड..."
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

मोबदला : शून्य.
शून्य संगणक घेईना. एक रुपया टाकला.

मग चतुःसीमा.
पश्चिमेस सरकारी रान. दक्षिणेस ओढा.
उत्तरेस गायवाट. पूर्वेस
"पूर्वेस तुमचंच की," ओमाणा सहज म्हणाला.

होतं. बाप गेल्यावर दुसऱ्या वर्षी
मीच लिहिलं ते खत, माझ्याच अक्षरात,
जल, तरू, तृण, सगळ्यासह.
आता तिथं काजू आहे, ओळीत,
शाळेतल्या पोरांसारखी हात सुटे धरून.
मी नव्या मालकाचं नाव लिहिलं.
स्पेलिंग विचारावं लागलं नाही.

शेवटच्या पानावर हात आपोआप 'सह' लिहून गेला.
खोडलं, बाजूला सही केली,
वर लिहिलं : जागच्या जागी.

आत यंत्र ओमाणाचा अंगठा ओळखेना.
चार वेळा. रेषा झिजल्यात, बाई म्हणाल्या,
साबणानं धुवून या.
मुलगा वेर्ण्याहून आला होता, एका दिवसाची रजा टाकून.
संमतीदार म्हणून सही करायची त्याला.
त्यानं कागद दोनदा वाचला.
"आणि माझ्या पोरांना कोण विचारणार?"
हिरेमठांची पोर काही बोलायला गेली, थांबली.
नळाखाली अंगठा चोळत
ओमाणा तिथूनच म्हणाला, "ककणेरीला तरी कुणी विचारलंय?"
हे उत्तर झालं की नाही, कुणास ठाऊक.
मुलानं सही केली. जोरात, कागद फाटेल अशी.

मी फी घेतली. पूर्ण घेतली.
संध्याकाळी टेबल आवरताना
त्या कागदाची एक झेरॉक्स
वरच्या खणात ठेवली,
कोऱ्या खरेदीखतांच्या वर.