जाड की बारीक

तितरमारेची गिरणी होती तिथं आता
वाईन मिळते.
त्रिमूर्तीनगरात, तीच दोन पायऱ्यांची जागा,
शटर गेलं, काच आली, काचेवर
पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय: मुलिनो.

इंदू बोरकुटे म्हणाली, चाल ना, पाहून तर घेऊ,
आपल्याला कोण हाकलून राहिलं?
मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात?
एसी आहे, बावा, ती म्हणाली.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात
लोकांचं बोलणं जोडून दिलेल्या आम्ही दोघी
संध्याकाळी साडेसातला
काचेचं दार ओढत होतो. ते ढकलायचं होतं.

आत उजेड इतका कमी
की मेनू वाचायला इंदूनं मोबाइलचा टॉर्च लावला.
शेजारची पोरं हसली. हसू दे.
मी वर पाहत होते.
छताचा हुक तसाच आहे,
दसऱ्याला झेंडूची माळ चढायची तो.
आता तिथं तांब्याचा दिवा लटकतो.
खुर्ची सरकवताना मी हळूच
भिंतीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं.
काही लागलं नाही बोटाला.
मला वाटलं होतं, लागेल.

वेटर आमगावचा निघाला, खेमराज.
पदार्थांची नावं असा म्हणत होता
जसे आपण एकोणतीसचा पाढा म्हणायचो,
एक अडखळलं की पुढचं सगळं गेलं.
पेन्ने म्हणजे काय, इंदूनं विचारलं.
त्यानं फोटो दाखवला.
अगं माय, हे तर सरगुंडे!
आतून आचारी डोकावला, एवढ्यांदा.
काडीवर गुंडाळलेले, वाफवलेले, आमरसात बुडवलेले
तिच्या आईच्या हातचे सरगुंडे
आणि हे टोमॅटोत.
आंबे नसतील त्यांच्याकडे, बिचाऱ्यांकडे.

मग वाईन आली.
माझ्या ग्लासात घोटभर ओतून
तो थांबला.
मला वाटलं, संपली.
वाटलं, एवढ्या पैशात एवढीच येत असेल.
तो बाटली धरून उभाच, एक हात पाठीशी.
"घेऊन पाहा ना, मॅडम. आवडली तर ओततो."

आवडली तर.
घरी वरण पहिल्यांदा मीच चाखते,
पण ते दुसऱ्या कुणाला अळणी लागू नये म्हणून.
वाढून झाल्यावर असं बाजूला उभं राहणं,
पहिल्या घासाकडे पाहत,
त्याची सवय आहे मला.
त्याच्यासमोर बसायची नाही.

एक तितरमारे तेवढा विचारायचा.
भुवया पिठानं पांढऱ्या, हात कानाशी,
पट्ट्याच्या खडखडाटावरून ओरडायचा,
जाड की बारीक, बाई?
मीही ओरडायची, बारीक!
घरात सगळ्यांना बारीक लागायचं.
मला ज्वारी जाड आवडते,
हे कुठं ओरडून सांगायची गोष्ट होती?

घोट घेतला.
कच्च्या जांभळाची तुरटी, मागून गंजलेल्या खिळ्यासारखं काहीतरी.
"नाही आवडली," मी म्हटलं.
निघूनच गेलं तोंडातून.
इंदूनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.
आता हा काय म्हणतो,
आता तो आचारी पुन्हा डोकावतो,
पण खेमराज "ठीक आहे" म्हणाला
आणि दुसरी आणायला गेला.

दुसरी काही फार बरी नव्हती.
पण प्यायले. इंदूनं हिरवी मिरची मागून घेतली,
उरलेले सरगुंडे पार्सल केले नातवासाठी.
निघताना मी विचारलं, मुलिनो म्हणजे काय रे?
गिरणी, तो म्हणाला.
मालक तितरमारेचेच नातू आहेत ना, इटलीच्या भाषेत गिरणी.
इंदू पायरीवर बसून हसत सुटली,
तिला उठवायला मलाच हात द्यावा लागला.

बाहेर रस्ता अजून तव्यासारखा.
ज्वारी दळायला हल्ली प्रतापनगरात जावं लागतं,
तिथला पोरगा कानात वायरी घालून बसतो,
काही विचारत नाही.
उद्या डबा ठेवताना
त्याच्या कानातली वायर काढायला लावीन म्हणते.
पाहू.