काळा चौकोन

हाल्डिसबाई नकाशा आणतात प्लास्टिकच्या पाइपात,
तोंडाला लोकरी मोजा बांधून.
"हल्लहून आला. नकाशापेक्षा टपालच महाग."
पेन्शन मासे कापण्याच्या कारखान्यातली.
हा एकोणतिसावा. घरातले पडदे मात्र तेच.

मी ट्रोम्सोत जुने कागद दुरुस्त करते.
खळ, ब्रश, जपानी कागदाच्या पट्ट्या
आणि धीर, जो बिलात लावता येत नाही.

यात जमीन जवळजवळ नाहीच.
किनाऱ्याची रेघ, आत सगळं कोरं.
पाणी मात्र आकड्यांनी गजबजलेलं:
चार वाव, सात वाव, अकरा, पुन्हा तीन.
दर आकड्यापाशी कुणी शिशाची दोरी सोडली,
बधिर बोटांनी वर ओढली,
वाऱ्यात ओरडून सांगितली खोली.
एका खडपाशेजारी बारीक अक्षर:
असल्याची शंका.

घडीत माशाचा खवला चिकटलेला.
चिमट्यात धरला. मग राहू दिला.

"हे वाच," त्यांचं नख कागदाच्या केसभर वर थांबतं.
स्टुरविकच्या खाडीत शिरण्याची सूचना:
चर्चचा मनोरा नौकाघरामागच्या घरावर धरा,
दोन्ही एका रेषेत आले की निर्धास्त आत या.
ते घर, मोहरीएवढा काळा चौकोन.

"आमचं."

चव्वेचाळीसच्या शरदात जर्मन फौज मागे हटली
आणि हटताना किनारा जाळत गेली.
चर्च, गोठे, मासे वाळवायच्या मांडण्यासुद्धा.
हाल्डिस तेव्हा दीड वर्षाची,
आईच्या शालीत, शिलाई मशीनच्या डोक्याशेजारी.
फोटो जळले. नकाशेही, जमिनीवरचे.
उरले ते परक्या जहाजांवरचे,
ज्यांना त्या घराचं काडीचं कौतुक नव्हतं,
नुसता खडप चुकवायचा होता.

चीर नेमकी त्या चौकोनातून गेलेली.
"शाईनं भरू?" मी विचारलं.
"नको. नुसतं जोड."

मागच्या उन्हाळ्यात त्या भाच्याच्या बोटीनं तिथं गेल्या होत्या.
भाच्यापाशी सगळं होतं, उपग्रह, पडदा, बीप.
समोर खुरटी झुडपं, मोबाइलचा टॉवर.
हाल्डिसबाई उभ्या राहिल्या, हात लांब करून
अंगठा धरला हवेत,
एक डोळा मिटला.
"थोडं डावीकडे," म्हणाल्या.
पोरगं पडद्याकडे बघत होतं.
"अजून थोडं."
मग त्यानं सुकाणू वळवलं.