बेचाळिसावा दिवस

पाणी तोडायचा दिवस कागदावर आधीच ठरलेला:
पेरणीपासून बेचाळिसावा.
अस्लमभाई मुकादमांनी व्हॉल्व्ह आवळला
आणि चावी माझ्या हातावर ठेवत म्हणाले,
"तीस वर्षं पाणी दिलं, मॅडम.
न देण्याचा पगार पहिल्यांदाच घेतोय."

दापोलीच्या खाली, कातळ फोडून माती भरलेला हा तुकडा.
पावसात इथे छत्रीची दांडीसुद्धा कुजते,
मार्चात मात्र जांभ्यावर पाय ठरत नाही.
खाली खाडी दिसते, काठोकाठ,
आणि आमच्या कामाची नाही.

एकशे वीस ओळी. नावं नाहीत, नंबर.
मतलई सुटली की पानं वळू लागतात,
आधी कडा, मग सगळंच,
कुणी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी करावी तशी.
मी एक ते पाच गुण देते.
पाच म्हणजे दाभण.

मग तुरे फुटले.
मक्याचं असं आहे, नर डोक्यावर, मादी कमरेपाशी,
आणि तहान लागली की मादी थांबते.
तुरा उधळत राहतो पिवळा भुगा,
काजूच्या पानांवर, माझ्या भुवयांवर,
आणि कणसाला अजून केसच नाहीत.
तीन दिवस. पाच. ओळ सत्तरला नऊ.
माझी नोकरी म्हणजे या अंतराची मोजदाद.

शेवंती धाडवे कागदी पिशव्या चढवते,
तान्ह्याला टोपडं बांधावं तशा.
अडतीस अंशांवर पारा गेला की पराग मरतो,
म्हणून सकाळी आम्ही धावतो ओळींमधून,
आणि उशीर झाला की ती पिशवी झटकून म्हणते,
"टळला मुहूर्त."

एप्रिलात, ओळ सत्तेचाळीस, कडेचं झाड.
कणीस मुठीत मावेना.
सोललं, तर दाणे पार शेंड्यापर्यंत, दुधाळ.
सरांना कळवायला मी फोन काढला.
शेवंती पदराचं टोक चावत उभी.
"मीच ओतलंय, बाय. रोज. बाटलीतलं उरलेलं.
कडेला होतं ना ते.
जाता-येता बघवेना."

रागवायला हवं होतं.
लाल पेन्सिलीनं ते झाड खोडलं, शेजारची दोनही,
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: बाह्य ओलावा.
मग नारळाच्या सोडणांवर भाजलं ते कणीस,
तिघांनी खाल्लं,
तिखटमीठ अस्लमभाईंच्या डब्यातलं.
गोड होतं.
असणारच, त्याला पाणी मिळालं होतं.

ओळ अडतीस कुणाच्या डोळ्यात भरली नव्हती.
बुटकी. पानांना पाच गुण.
पण तुऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं
चार केस बाहेर काढले होते, चिकट, फिकट,
आणि मी ते नोंदवून विसरले होते.
मे महिन्यात सोललं तर बोळक्या तोंडासारखं कणीस,
मधूनच एखादा दाणा.
अकरा.
दोनदा मोजले. शेवंतीनं तिसऱ्यांदा मोजले.

पाकिटाला डिंक लावताना तिनं विचारलं,
"ह्यांना तरी द्यायचं ना पाणी, फुडल्या टायमाला?"
"देऊ की," मी म्हटलं.
"एकेचाळीस दिवस."

ती काही बोलली नाही. पाकीट दाबून धरलं तिनं,
डिंक वाळेपर्यंत, गरजेपेक्षा थोडं जास्तच.
बाहेर अस्लमभाई चावी मागत होते,
मागच्या भाजीच्या वाफ्याला.