काचेमागचा बुधवार

स्पीकरची तार उंदरानं कुरतडली होती.
इरमा म्हणाली, आज नुसतं बघ,
आणि दार ओढून आत गेली.

मी काचेच्या या बाजूला, वही मांडीवर.
त्यांच्या बाजूनं तो आरसा.
वाल्तेर आरशात बघून भांग सारखा करतो,
म्हणजे माझ्याच तोंडापुढे, वीतभर अंतरावर,
आणि मी उगाच श्वास धरून ठेवते.

साल्तोमधला ऑगस्ट. हीटरची एकच कांडी लाल.
मिर्तानं कोट काढलेला नाही.
गेल्या बुधवारीही नव्हता काढला,
त्याच्या आदल्याही नाही.

तो बोलतोय, बराच वेळ.
मला दिसतो तो त्याचा उजवा बूट,
टोक दाराकडे.
काढता पाय म्हणतात तो हाच असणार,
अजून काढलेला नाही इतकंच.

काखेत थर्मास. त्यात काही विशेष नाही,
या गावात सगळ्यांच्याच काखेत असतो,
बँकेच्या रांगेत, नदीकाठी, मयतालासुद्धा.
पण वाल्तेर खुर्चीत बसला तरी तो खाली ठेवत नाही.
खिडकीतून मी त्यांना चौक ओलांडताना पाहिलंय:
मिर्ता नेहमी त्याच्या डाव्या बाजूला,
म्हणजे थर्मासच्या बाजूला.
एकवीस वर्षं.

इरमा काहीतरी म्हणते.
तो थर्मास पायाशी ठेवतो.
थर्मास गेला, कोपर तसंच वाकलेलं,
झोपलेलं मूल कुणी उचलून नेल्यावर
मांडी काही वेळ हलत नाही, तसं.

मग तो तुंब्यात येर्बा भरतो, पाणी ओततो,
तिच्यापुढे धरतो.
ती घेते. नळीशी गाल आत जातात. परत देते.
पुन्हा भरतो. पुन्हा घेते.
कुणी कुणाकडे बघत नाही
आणि तुंबा मात्र बरोबर हातात पडतो,
न सांडता.
(हे लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.)

तिसऱ्या खेपेला तुंबा परत करताना
तिचे ओठ हलले. एकच शब्द.
तो मला तारेशिवाय कळला.
आमच्याकडे तुंबा फिरतो तोवर मुकाट्यानं द्यायचा,
मुकाट्यानं घ्यायचा.
"आभार" म्हटलं की झालं, आता नको.
एवढा सभ्य नकार दुसरा नाही आमच्यात,
आणि चार पावलं मागे सरल्यासारखा लागतो.

त्यानं तुंबा हातातच धरला.
अंगठा कडेवरून फिरत राहिला.
संत्र्यांच्या शेडमध्ये हाच अंगठा
न बघता सांगतो, कुठलं आतून नासलंय.
इथे एक फेरी झाली, दुसरी झाली.
अंगठ्याला काही सांगता आलं नाही.

तेवढ्यात त्याचा गुडघा हलला, थर्मास कलंडला.
दोघं एकदमच वाकले.
डोक्यावर डोकं आपटलं,
तेही मी ऐकलं नाही, फक्त इरमाचं पेन थांबलेलं पाहिलं.
थर्मास चौघा हातांत.
आणि तशाच वाकलेल्या, जमिनीकडे तोंड केलेल्या
दोघांचे खांदे हलायला लागले.

खांदे हसतानाही तसेच हलतात.
मी काचेला नाक टेकवलं, वाफ धरली,
बाहीनं पुसली, परत धरली.

तास संपल्यावर इरमा चिकटपट्टी घेऊन तारेपाशी बसली.
मी वहीतून वाचत गेले: तो बराच वेळ बोलला, बूट दाराकडे...
"बोलला?" ती म्हणाली. "लिमलेट चघळत होता.
खोकला झालाय त्याला. तासभर अवाक्षर नाही."

मी पान उलटलं. बोटाला शाई.
मग विचारलंच: शेवटी ते हसत होते, की...

इरमानं दातांनी चिकटपट्टी तोडली.
"तू काय लिहिलंयस?"

लिहिलं होतं एवढंच:
मिर्ताच्या कोटाची दोन बटणं उघडी,
वरची नव्हेत, खालची.
वाकण्यासाठी उघडली असतील.
उठल्यावर तिनं ती लावली नाहीत.