चारशे चारची नोंद

कैवल्य आहिरराव म्हणाला, वाचणारा माणूस नाहीये,
विशेषणं काढून टाक.
अंबडला स्विचगिअरच्या कारखान्यावरच्या माळ्यावर
आमचं ऑफिस. खालचं पंचिंग मशीन
दर सात सेकंदांनी ठोका देतं,
टेबलावरचा चहा तेवढ्यापुरता थरथरतो.

काम साधं. एजंट एक आकडा विचारणार,
आमच्या टूलनं त्याचा अर्थ सांगायचा,
आणि पुढे काय करायचं तेही, थोडक्यात.
ते सगळं लिहायचं मी,
अशा कोणासाठी, ज्याला डोळे नाहीत
आणि जो कधीच म्हणणार नाही, मॅडम, समजलं नाही.
समजलं नाही तरी तो पुढे जाईल.
भीती तीच.

आधी वाटलं, हे तर आपल्याला येतंच.
धरणातून किती क्युसेक सुटलं, हे नाशकात विचारतं कोण?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला
एवढा एक शब्द फोनवर आला
की भांडीबाजारातला माणूस माल वरच्या फळीवर चढवतो.

मग भराभर लिहीत गेले.
३०१: दुकान समोरच्या गल्लीत हलवलं आहे.
नवा पत्ता टिपून ठेवा, जुन्या दारात परत येऊ नका.
५०३: साहेब जेवायला गेलेत.
पाटीवर वेळ असेल तर तेवढं थांबा,
नसेल तर दर खेपेला आधीपेक्षा जास्त.
४१८: मी चहाची किटली आहे, कॉफी मागू नका.
(कैवल्यनं विचारलं, हा आकडा खरा आहे?
खरा आहे.)

चारशे चारला अडले.

मार्चमध्ये रामकुंडावर गेले होते,
वडिलांचं नाव वहीत घालायला.
शौचे गुरुजींनी दोनच गोष्टी विचारल्या.
गाव? ठाणगाव.
आडनाव? काकड.
लाल फडक्यातली लांबोडकी वही सुटली,
आणि चार मिनिटांत आजोबा समोर,
सन एकसष्ट, शाई तपकिरी, सही वाकडी.
खाली मुलगे: रंगनाथ, पुंजाजी.
त्याखाली, बारीक अक्षरात,
कन्या सुगंधा.

मी आजोबा मागितले होते.
सुगंधा मागितली नव्हती.

घरी विचारलं, तर आई म्हणाली, जेव आधी.
काका म्हणाले, अशी कोणी नव्हतीच.

आता हे मी कामाचं म्हणून लिहिते आहे:
४०३ म्हणजे विनंती समजली, पण मिळणार नाही.
आणि काही सर्व्हर, आत काही आहे
याचाही सुगावा लागू नये म्हणून
४०३च्या जागी ४०४ देतात.
नियमात बसतं ते.
४१० निराळं. होतं, आता नाही, पुन्हा विचारू नका.
ते द्यायला धीर लागतो.
फार थोडे देतात.

शेवटी लिहिलं:
४०४. सापडलं नाही.
याचा अर्थ नव्हतं असा नाही.
पत्ता तपासा. जुनी नोंद कोणाकडे असेल, तिथे विचारा.

कैवल्य म्हणाला, पहिलं वाक्य पुरे,
बाकीचे टोकन फुकट.
मी म्हटलं, मग किटली काढ.
सौदा झाला.
किटली गेली, वाक्यं राहिली.

सोमवारी लॉग उघडला.
रात्री तीन बाराला कोणीतरी येऊन ४०४ विचारून गेलं,
एकदाच.
आणि पाठोपाठ, कोण जाणे कशाला, ४१८.
किटली तर आम्ही काढलेली.
तेव्हा आमच्याच टूलनं त्याला
माझ्याच शब्दांत कळवलं होतं:
सापडलं नाही.
याचा अर्थ नव्हतं असा नाही.